पनागरहून परत येणारा डबा

अंबादास दिवटे यांचे पणजोबा कोंडाजी. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेल्या मशालजींच्या वंशातले. भोसल्यांचा अंमल गेला तरी हे घराणे जबलपुरातच राहिले, आणि कोंडाजींनी लग्नाच्या वरातींपुढे मशाल धरून संसार केला. आजोबा सखाराम छावणीच्या रस्त्यांवरचे रॉकेलचे दिवे लावत. खांद्यावर शिडी आणि हातात तेलाची बुधली घेऊन ते रोज दिवेलागणीला छावणीच्या सदर बाजारभर फिरत. वडील गणपत यांनी विजेचे काम शिकून घेतले आणि सदरमधल्या विंडसर टॉकीजच्या चित्रपट दाखवण्याच्या पहिल्या यंत्रात उजेडासाठी कार्बनच्या कांड्या पेटवल्या. तीन पिढ्या या घराण्याने दुसऱ्यांना उजेड दाखवला. चौथ्या पिढीतल्या अंबादासांवर मात्र तो उजेड शत्रूला दाखवल्याचा आळ आला, आणि तो त्यांनी चौपन्न वर्षे वाहिला.

आळ खोटा होता. हे ठाऊक असलेली माणसे या जगात दोनच होती. एक ते स्वतः, दुसरी मी.

मी विनता हरिहर सुभेदार. वय एक्क्याऐंशी. मुलींच्या शाळेची तेवीस वर्षे मुख्याध्यापिका होते आणि मराठी स्नेहमंडळाची अध्यक्ष आजही आहे. माझ्यासमोर मोठमोठे अधिकारी खुर्चीच्या टोकावर बसतात, असे माझा मुलगा दिवाकर थट्टेने म्हणतो. थट्टा असली तरी ती खोटी नाही. म्हणूनच पुढचे लिहिताना मला माझ्याच हाताला दटावावे लागत आहे.

एकोणीसशे एकाहत्तरचा डिसेंबर होता. लढाई पेटून दोन दिवस झाले होते. माझे यजमान कॅप्टन हरिहर सुभेदार पूर्वेच्या सरहद्दीवर होते. नेपियर टाउनच्या घरात सासूबाई आणि मी अशा दोघीच. मला सातवा महिना होता. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, रेडिओ सकाळपासून चालू, आणि सासूबाईंनी गोड पदार्थ घरात येणे बंद केलेले. मुलगा रणांगणावर असताना सुनेने सिनेमाला जाणे ही त्या घरात तोंडातून काढण्याचीही गोष्ट नव्हती.

आणि मी गेले.

विंडसरला रविवारी दुपारी छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी इंग्रजी चित्रपट लागत. त्या रविवारी 'द लॅम्प ॲट सॉल्ट पॉइंट' होता; जुना, काळापांढरा, विलायती खुनाचा. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, रहस्यकथांचे मला वेड, आणि दोन दिवस बातम्या ऐकून जीव गुदमरलेला. जवानांसाठी स्वेटर विणायला महिला समितीत जाते, असे सासूबाईंना सांगितले, लोकरीची पिशवी हातात घेतली आणि रिक्षा सदरकडे वळवली.

सैन्याच्या गाड्यांमुळे रेल्वेचे वेळापत्रक कोलमडले होते. रिळांच्या पेट्या उशिरा आल्या आणि तीनचा खेळ पावणेपाचला सुरू झाला. मी बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसले होते. उठून जावे असे दोनदा मनात आले, पण चित्रपटाने मला धरून ठेवले होते.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर सॉल्ट पॉइंट नावाचे गाव. लढाईच्या काळात चाळीस सैनिकांची होडी तिथून अंधारात निघते. कोणीतरी किनाऱ्यावरून दिवा दाखवते आणि शत्रू ती होडी बुडवतो. दीपगृहाचा राखणदार टॉम याला फितूर ठरवून पकडतात. तो तुरुंगातच मरतो. लढाई संपल्यावर पाच वर्षांनी, त्या रात्री किनाऱ्यावर असलेली माणसे एकामागून एक मारली जाऊ लागतात, आणि लंडनहून एक सडपातळ इन्स्पेक्टर येतो. एकंदर नऊ रिळांचा चित्रपट. आठव्याच्या शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना पाद्रीसाहेबांच्या दिवाणखान्यात बसवतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, "दिवा टॉमने लावला नव्हता. तो कोणी लावला, हे आता मला कळले आहे."

आणि भोंगा वाजला.

हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की वीज मुळापासून बंद करायची आणि प्रेक्षकांनी जागच्या जागी बसून राहायचे, असा नियम होता. खेळापूर्वी तो पडद्यावर दाखवलाही होता. पडदा विझला. शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, पण माणूस दिसत नव्हता. मला एकच सुचले: सासूबाई दारात उभ्या असतील. मी उठले. शाळेत पुढे हजारो मुलींना नियम पाळायला शिकवणाऱ्या बाईने त्या दिवशी नियम मोडला, आणि बाल्कनीच्या पायऱ्यांवरून चार पायऱ्या खाली कोसळली.

माझी किंकाळी यंत्राच्या खोलीपर्यंत गेली. ती खोली बाल्कनीला लागूनच होती. अंबादास बाहेर आले. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. आमच्या मराठी वस्तीत सर्वजण त्यांना तोंडओळखीने ओळखत. त्यांच्या हातात तीन सेलची बत्ती होती आणि नियमाप्रमाणे तिच्या काचेला खाकी कागद चिकटवलेला होता. त्या मिणमिणत्या ठिपक्यात त्यांना काही दिसेना. त्यांनी कागद टरकावला. लख्ख उजेड माझ्या पातळावर पडला, आणि जे लाल दिसले ते आम्ही दोघांनी एकाच वेळी पाहिले.

"बाई, हलू नका," ते म्हणाले. "आतून नेता येणार नाही. जिन्यात लोक आहेत. मागचा जिना आहे."

यंत्राच्या खोलीला बाहेरच्या बाजूने एक लोखंडी जिना असे. फिल्म पेटली तर ऑपरेटरला निसटता यावे म्हणून तो बांधलेला. त्या उघड्या जिन्यावरून, बावीस पायऱ्या, एका हाताने मला सावरत आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक पायरीवर बत्ती मारत त्यांनी मला खाली आणले. अंधारात एक पाय चुकला असता तर आज हे लिहायला मी नसते आणि वाचायला दिवाकर नसता. साऱ्या जबलपुरात त्या घटकेला तो एकच उजेड होता.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. त्यांनी रिक्षावाल्याला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला. मी त्यांची बाही घट्ट धरली.

"माझं नाव कोणाला सांगू नका. घरी कळलं तर मला उभं करणार नाहीत."

"नाही सांगणार," ते म्हणाले.

एवढेच. शपथ नाही, आणाभाका नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले की अर्धा तास उशीर झाला असता तर दोन्ही जीव गेले असते. सासूबाईंना मी सांगितले की समितीच्या पायऱ्यांवरून घसरले. त्यांनी विश्वास ठेवला, कारण सुभेदारांच्या सुना खोटे बोलत नसत.

तिकडे जिन्यावरून उतरणारी बत्ती दोन गच्च्यांवरून पाहिली गेली होती. दुसऱ्या दिवशी सदरभर एकच बोलणे: विंडसरच्या ऑपरेटरने विमानांना खूण केली. विमान कुठलेच आले नव्हते, पण ते कोणी विचारात घेतले नाही. बत्तीचा कागद फाटलेला सापडला. बाल्कनीतल्या कोणाला अंधारात नीट काही दिसले नव्हते, आणि चौकशीत कोणी पुढेही आले नाही. कोणासाठी फाडला, असे त्यांना चार दिवस कोठडीत विचारले. त्यांनी सांगितले, "कोणासाठी नाही. मी एकटाच उतरत होतो." पुरावा नाही म्हणून सोडले, पण ऑपरेटरचा परवाना गेला आणि नोकरीही गेली. त्यांच्या दारावर कोणी कोळशाने 'गद्दार' लिहिले.

हे सर्व मला सासूबाईंनी जेवताना सांगितले. "असल्यांना तोफेच्या तोंडी द्यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या ताटात भात वाढला.

यजमान सुखरूप परतले. फेब्रुवारीत मुलगा झाला. नाव मी ठेवले, दिवाकर. का ठेवले, ते कोणी विचारले नाही.

अंबादास बायकोमुलीला घेऊन जबलपूरजवळच्या पनागर गावी गेले आणि भाजीच्या मळ्यांवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागले. बत्तीवाल्याचे घर, अशी त्यांच्या घराची खूण तिकडेही झाली. मुलगी उपवर झाल्यावर तिची दोन ठरलेली लग्ने त्या एका शब्दावरून मोडली. हे मला कळत राहिले. मी कळून घेत राहिले, आणि गप्प राहिले.

पहिल्या दिवाळीला मी सासूबाईंच्या नकळत पनागरला फराळ पाठवला. माझ्या माहेरचा, झाकणावर नाव कोरलेला पितळी डबा. त्यात चकल्या, अनरसे, चिरोटे, करंज्या, सगळे माझ्या हातचे. कोणाचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही आपल्या घरांची रीत. त्याप्रमाणे डबा चार दिवसांनी परत आला, काठोकाठ शिंगाड्यांनी भरून. पुढच्या वर्षी पेरू आले. त्याच्या पुढच्या वर्षी मटाराच्या पहिल्या शेंगा. मी डबा मोठा घेतला, तर शिंगाडेही वाढले. मी एकदा फराळाखाली धोतरजोडी ठेवली, तर परत आलेल्या डब्यात मटाराखाली खण निघाला. त्रेपन्न दिवाळ्या असे चालले. त्या माणसाने माझ्याकडून एक करंजीसुद्धा फुकट घेतली नाही.

दिवाकर मोटार चालवू लागल्यापासून डबा तोच नेत असे. एकदा मी त्याला म्हटले, "त्यांना सांग, दरवर्षी भरून पाठवायची गरज नाही."

त्याने परत येऊन निरोप सांगितला. "ते म्हणाले, रिकामा पाठवायची वेळ येईल तेव्हा रिकामा पाठवीन. आई, हे काय आहे? पनागरला काहून इतकं जपून ठेवून राहिली तू?"

"जुनी ओळख आहे," मी म्हणाले.

माझी नात दुर्वा, दिवाकरची मुलगी. ती लहान असताना मी तिला सॉल्ट पॉइंटची गोष्ट सांगत असे. इन्स्पेक्टर चष्मा पुसतो, इथे येऊन थांबत असे. ती चिडून उशा फेकायची. चित्रपटाचा शेवट मला खरोखरच ठाऊक नव्हता. तो चित्रपट पुन्हा जबलपुरात लागलाच नाही. यंदा दिवाळीच्या आधी ती सुटीवर आली आणि दारातूनच ओरडली.

"आजी! मिला! सॉल्ट पॉइंट मिला! पूर्ण पिक्चर, सगळे नऊ रीळ!"

"चपला बाहेर काढ," मी म्हणाले.

"ऐका तर. आपण मंडळात दाखवू, भाऊबीजेनंतरच्या रविवारी. मोठा पडदा, दुपारी तीनला, एकदम टॉकीजसारखं. आणि मी ऐकलं की विंडसरचे ऑपरेटर अजून आहेत. बाबा त्यांच्याकडेच तर डबा नेतात! त्यांना बोलवू, सुरू करायचं बटण त्यांनी दाबायचं. मस्त ना?"

तिने हे मंडळाच्या बैठकीत मांडले. बाळाजी टोकेकर आमचे चिटणीस. वय पंचाहत्तर, निवृत्त अधिकारी, कडक इस्त्रीचा माणूस. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"विनताताई, माफ करा. ज्यानं लढाईत बत्ती दाखवली त्याला आपण पाहुणा म्हणून बोलावून राहिलो?"

"काका, पुरावा नव्हता ना," दुर्वा म्हणाली.

"पुरावा? मी स्वतः पाहिलं बेटा! एकवीस वर्षांचा होतो, नागरी संरक्षणाचा स्वयंसेवक. आमच्या गच्चीवरून पाहिलं. बत्ती वरून खाली, वरून खाली. मीच जाऊन कळवलं. तो येणार असेल तर मी उठून सांगीन सगळ्यांसमोर. मग मला म्हणू नका."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. चौपन्न वर्षांत ही गोष्ट माझ्यासमोर इतक्या जवळ कधी येऊन बसली नव्हती. बाळाजी उठून बोलले असते, तर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाच्या कपाळी आमच्याच सभागृहात पुन्हा तोच शब्द लागला असता. त्यांना बोलावू नये, असे म्हटले असते तर तो शब्द मीच लावल्यासारखे झाले असते. आणि खरे सांगायचे तर माझ्या मुलाचे, नातीचे, शाळेतल्या शेकडो मुलींचे माझ्याविषयी काय मत होईल, याची भीती मला त्याही क्षणी वाटली.

"निमंत्रण जाईल," मी म्हणाले. "ते घेऊन मी स्वतः जाईन."

"अहो पण..."

"बाळाजी, चहा निवतो आहे."

दुसऱ्या दिवशी दिवाकरला मोटारीतच बसवून मी पनागरच्या त्या घराची पायरी चढले. अंबादास अंगणात खाटेवर बसून पाण्याच्या एका मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"बाई, म्हाताऱ्या झालात."

"तुम्ही कुठले तरुण राहिलात?"

"मी तर तेव्हाच झालो." ते हसले. दात दोनच उरले होते. "बसा. चकली या वर्षी कडक करू नका. चावत नाही आता."

मी निमंत्रण पुढे केले. ते त्यांनी डोळ्यांपासून लांब धरून वाचले.

"सॉल्ट पॉइंट! त्या दिवशी खेळाआधी मी शेवटचं रीळ एकट्यानं चालवून पाहिलं होतं, बाई. जोड नीट आहेत की नाही ते पाहायला. शेवट सांगू?"

"खबरदार!"

"चौपन्न वर्षं कशी काढली मग?"

मी आणलेले वाक्य कसेबसे उच्चारले. "अंबादासजी, तुम्ही मला दिलेल्या वचनातून मी तुम्हाला मोकळं करायला आले आहे."

त्यांनी तार बाजूला ठेवली.

"वचन मी दिलं होतं, बाई. मी पाळून राहिलो. तुम्ही थोडंच दिलं होतं कोणाला? तुम्हाला बोलायला कोण अडवून राहिलं होतं?"

आवाज चढलेला नव्हता. मोटारीत काय बिघडले आहे ते गिऱ्हाइकाला सांगावे, तसे त्यांनी सांगितले.

"या तुम्ही," मी म्हणाले. "रविवारी बटण दाबायला या. मी बोलणार आहे."

"पोरगी आता भोपाळला आहे माझी. तिला बोलावू?"

"जरूर बोलवा."

रविवारी सभागृह भरले होते. खोव्याची जिलेबी आली होती, खुर्च्या कमी पडल्या होत्या. अंबादास पांढरा स्वच्छ सदरा घालून मागच्या टेबलाशी, दुर्वाच्या लॅपटॉपजवळ बसले. शेजारी त्यांची मुलगी शकु, आता साठीतली. बाळाजी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून. दुर्वाने बोटाने दाखवले आणि अंबादासांनी बटण दाबले.

"एवढंच?" ते मोठ्याने म्हणाले. "कांडी नाही, उजेड जुळवायचा नाही, काही नाही?" लोक हसले.

नऊ रिळे सलग चालली. इन्स्पेक्टरने चष्मा पुसला, आणि या वेळी भोंगा वाजला नाही. दिवा लावला होता पाद्रीसाहेबांच्या विधवा बहिणीने. पहिल्या रिळापासून जी सर्वांना सूप वाढत होती, जिच्याविषयी कोणाला शंका येणे शक्य नव्हते, ती. ज्यांनी ते पाहिले होते त्यांनाही तिनेच संपवले होते. ती शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. नुसती उभी राहते. मग इन्स्पेक्टर एकटाच टॉमच्या थडग्याशी जातो, टोपी काढतो आणि सांगतो की तू निर्दोष होतास. वारा सुटतो. चित्रपट संपतो.

दिवे लागले. बाळाजी उठू लागले. मी त्यांच्याआधी उठले.

"बाळाजी, खाली बसा. तुम्ही जी बत्ती पाहिली ती खरी होती. ती कोणासाठी लागली होती, ते सांगायचे आहे."

आणि मी सांगितले. लोकरीच्या पिशवीपासून सांगितले. चार पायऱ्या सांगितल्या, बावीस सांगितल्या, सासूबाईंच्या ताटातला भातही सांगितला. शाळेत प्रार्थनेनंतर बोलत असे तशी ताठ उभी राहून बोलले. शेवटी म्हणाले: "त्या इन्स्पेक्टरला सत्य थडग्याला सांगावे लागले. माझे भाग्य त्याहून पुष्कळ मोठे. मला हे ऐकणारा माणूस समोर बसला आहे. अंबादासजी, तुम्ही निर्दोष होतात. तुम्ही कागद फाडलात म्हणून माझा मुलगा जगला, आणि मी गप्प राहिले म्हणून तुमचे नाव गेले. जबलपूरच्या मराठी माणसांसमोर मी तुमची क्षमा मागते."

कोणी टाळी वाजवली नाही, हे बरे झाले.

बाळाजी उठले. पहिल्या रांगेपासून मागच्या टेबलापर्यंत चालत गेले. कडक इस्त्रीचा तो माणूस खुर्चीला धरून उभा राहिला.

"भैया, मी कळवलं होतं. मी."

"तुम्ही बरोबरच कळवलं," अंबादास म्हणाले. "बत्ती तर होतीच ना. तुम्ही तुमचं काम करून राहिले होते, मी माझं."

दिवाकर केव्हा उठला ते मी पाहिले नाही, पाहिले तेव्हा त्रेपन्न वर्षांचा माझा मुलगा अंबादासांच्या पायांवर डोके ठेवून होता, आणि ते त्याच्या टकलावर थोपटत म्हणत होते, "उठ रे, उठ. त्या दिवशी तुझ्या आईपेक्षा तूच जड होतास." शकु मात्र हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी मान खाली घातली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाई, हे आम्हाला लिहून द्या. मंडळाच्या कागदावर. शिक्का मारून."

मी तिथेच लिहिले. सही केली, शिक्का मारला. बाळाजींनी चिटणीस म्हणून सही केली, आणि सहीखाली आपल्या मनाने एक ओळ जोडली: 'मी तेव्हा अर्धेच पाहिले होते.' या वर्षीचा पितळी डबा मी बरोबर आणला होता. चकल्या मऊसर केल्या होत्या. फराळावर तो कागद घडी करून ठेवला आणि डबा पहिल्यांदाच माझ्या हाताने त्यांच्या हातात दिला.

आम्ही घरी परतलो. नेपियर टाउनच्या फाटकाशी दुर्वा एवढेच म्हणाली, "आजी, तुम्ही मला कधीच शेवट काहून नाही सांगितला, ते आज समजलं." तिने माझा हात सोडला नाही. मुले मला टाकतील या भीतीत मी अर्धे शतक घालवले होते. देवाने मला माझ्या लायकीपेक्षा चांगली मुले दिली.

आठ दिवसांनी दिवाकर पनागरला जाऊन आला. दुर्वाने डबा हातात घेतला, हलवून पाहिला आणि झाकण उघडले.

"आजी, हे काय? काहीच नाही आत! रिकामा पाठवला! विसरले की काय?"

"कागद त्यांनी दारावर लावलाय," दिवाकर म्हणाला. "काच बसवून. आणि तुला निरोप आहे. फराळ संपला, चकली चांगली झाली होती, आणि आता रिकामा पाठवायची वेळ आली."

मी डबा दुर्वाच्या हातून घेतला. चिंचेने घासलेला होता, आतून बाहेरून लखलखत होता, आणि तळाशी एक दाणासुद्धा नव्हता. मी तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला.